नाव काढल्यावर

भाजीच्या गाळ्यावर भाव विचारला की तोंडातून आपसूक बाहेर पडणारा 'महाग' हा शब्द मोठ्या घरचा आहे. संस्कृतात तो 'महार्घ' होता. अर्घ म्हणजे मोल. ज्याचं मोल मोठं ते महार्घ. प्राकृतात त्याचा 'महग्घ' झाला आणि झिजत झिजत तो 'महाग' होऊन आपल्या मंडईत येऊन बसला. 'समर्घ' नावाचा त्याचा भाऊ असाच झिजला आणि 'सवंग' झाला. तो हल्ली बाजारात फारसा दिसत नाही, नाटक-सिनेमांच्या परीक्षणांत भेटतो. तिसरं भावंड मात्र घर सोडून गेलं नाही. दारी आलेल्या पाहुण्याच्या हातावर घालायचं पाणी, उगवत्या सूर्यासाठी ओंजळीतून सोडायचं पाणी, ते 'अर्घ्य'. त्या पाण्याला स्वतःची किंमत काहीच नाही. समोरच्याचं मोल आपण ओळखलं आहे, एवढंच ते सांगतं.

याच घराची दुसरी फांदी 'अर्ह्' या धातूची. अर्थ तोच, मोलाचं असणं, योग्य असणं. मानाला जो योग्य, तो 'अर्हत्'. पाली-प्राकृतात तो 'अरहंत' झाला. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत जी 'शैक्षणिक अर्हता' असते, ती याच धातूची लेक. पंचवीस ओळींच्या त्या जाहिरातीत ती अशी अंग चोरून बसलेली असते की तिच्या माहेरी अरहंत नांदतात, असं सांगून कुणाला पटायचं नाही.

आपण मान आणि किंमत यांना एकमेकांपासून लांब ठेवतो. पैशानं मान विकत मिळत नाही, असं मुलांना शिकवतो आणि ते खरंही आहे. भाषा मात्र दोघांना एकाच पोटची मानते. मला तिचं म्हणणं पटतं. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो, हे कशाच्या तोलाचं आहे? बाजारात तागडी कुणाच्या हातात आहे ते डोळ्यांना दिसतं. मानाची तागडी कुणाच्या हातात असावी, यावरून माणसं फार पूर्वीपासून भांडत आली आहेत.

मावळात पाले नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरातल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्याच्या सुरुवातीलाच शब्द येतात, 'नमो अरहंतानं'. अरहंतांना नमस्कार. मग कळतं की भदंत इंदरखित यांनी हे लेणं करवलं, आणि त्याबरोबर 'पोढी', म्हणजे पाण्याचं टाकं. लेख जैनांचा की बौद्धांचा, यावर अभ्यासकांत चर्चा झाली. ती होणारच, कारण हा शब्द दोघांच्याही देव्हाऱ्यातला. कलिंगाच्या खारवेल राजाचा हाथीगुंफेतला लेख याच नमस्कारानं सुरू होतो. जैनांच्या णमोकार मंत्रात पहिला नमस्कार अरहंतांनाच. बौद्ध घरांत रोज म्हटल्या जाणाऱ्या वंदनेतही 'अरहतो' आहेच.

या लेखात मला एका गोष्टीचं अप्रूप वाटतं. लेणं करवणाऱ्याचं नाव त्यात आहे, काय करवलं तेही आहे, पण ज्यांना नमस्कार केला त्यांचं नाव नाही. साधं अनेकवचन आहे. कोण हे अरहंत? जे कुणी त्या योग्यतेला पोचले असतील ते. होऊन गेलेले, आज असलेले, उद्या होतील ते. णमोकार मंत्रातही ना ऋषभदेवांचं नाव आहे ना महावीरांचं; पाच पदं आहेत आणि त्या पदांना वंदन आहे. बुद्धवंदनेच्या पहिल्या ओळीत 'गौतम' येत नाही. 'त्याला' असं सर्वनाम येतं आणि पुढे त्याची योग्यता सांगणारी विशेषणं. आधी योग्यता आखून घेतली, मग तिच्यापुढे हात जोडले. नाव कुणाचं, हा प्रश्न नंतरचा.

त्यावरून मला एक कसोटी सुचली. मराठीत 'नाव काढणं' म्हणजे कीर्ती मिळवणं. पोरानं घराण्याचं नाव काढलं, असं आपण म्हणतो. मी ते अगदी शब्दशः घेते. मानाच्या शब्दामागचं नाव काढून टाकावं आणि पाहावं, शब्द आपल्या पायांवर उभा राहतो का.

ही कसोटी घेऊन जुन्या मराठी दप्तरांत शिरलं की मोठी गंमत होते. पत्राचा मायना हे आपल्याकडे एक शास्त्रच होतं. कुणाला काय लिहायचं याची कारकुनांसाठी हातपुस्तकं होती, त्यांना 'मेस्तक' म्हणत. त्यांची परंपरा थेट यादवांच्या हेमाडपंतापर्यंत नेली जाते. मातब्बर सरदाराला 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री'. पंडिताला 'वेदशास्त्रसंपन्न'. वडिलांना 'तीर्थस्वरूप', मुलाला 'चिरंजीव'. खाली नमस्कार की दंडवत की आशीर्वाद, तेही ठरलेलं. बोरूनं एवढी अक्षरं काढताना लिहिणाऱ्याचा हात दुखत असेल, पण ते दुखणंच मानाचा भाग होतं. समोरच्यासाठी आपण इतका वेळ दिला, इतका कागद दिला. आणि शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी मजकूर संपल्याची मुद्रा उमटे, 'मर्यादेयं विराजते'. इथे मर्यादा शोभते आहे. पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून ती व्यवस्था होती, हे खरं. तरी मायन्यानं उघडलेलं पत्र मर्यादेनं मिटतं, हे मला फार देखणं वाटतं. 'मानमर्यादा' हा जोडशब्द त्या कागदावर वरपासून खालपर्यंत पसरलेला असतो.

त्या मायन्यांमधून नावं काढून पाहा. 'राजमान्य' शब्द राहतो, पण तो राजाच्या आधारानं. राजानं ज्याला मानलं तो मान्य. राजा हलला की शब्द हलला. 'तीर्थस्वरूप' राहतो, तो नात्याच्या आधारानं. आणि काही शब्दांतून नाव काढलं की जे उरतं ते वाचवत नाही. 'गंगाभागीरथी' हा किती पवित्र शब्द! दोन नद्या ओतल्या आहेत त्यात. पण लिफाफ्यावरचं 'गं. भा.' वाचून टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट कळे, हिचा नवरा गेला. मानाचा शब्द असा की जिच्यासाठी लिहिला तिला तो पुसून टाकावासा वाटावा. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच्या पुढच्याच वर्षी 'विधवा' ऐवजी 'गं. भा.' लिहावं असा सरकारी विचार पुढे आला, तेव्हा बायकाच त्याच्यावर तुटून पडल्या. त्यांना जुन्या शब्दाजागी अधिक गोड शब्द नको होता. आपल्या नावाआधी नवऱ्याची खबर कशाला, असा त्यांचा साधा सवाल होता.

आणि मायन्याच्या शिडीला खालच्या पायऱ्याच नव्हत्या. तिथे उभ्या असलेल्या माणसांनी वर पाहून 'जोहार, मायबाप' म्हणायचं असे. त्यांना उलट कोणता मायना लिहावा, याची तजवीज कुणी केली नव्हती. त्या माणसांच्या वंशजांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या मागून धम्माची दीक्षा घेतली. 'जोहार' तर आधीच मागे पडू लागला होता, 'जय भीम' त्याच्या जागी येत होता. आता घराघरांत बुद्धवंदना आली, आणि जन्मावरून कुणाला कोणता शब्द द्यायचा हे ठरवणाऱ्या मुलखात 'अरहतो' हा शब्द पुन्हा रोज ऐकू येऊ लागला. त्याचा अर्थ काय, तर योग्य. जन्मानं नव्हे, घडून झालेला.

माझे आजोबा कोकणात प्राथमिक शाळेत गुरुजी होते. संध्याकाळी पडवीत त्यांच्याकडे बायका पत्र लिहून घ्यायला येत. घरधनी मुंबईला गिरणीत, लालबाग-परळच्या खोलीत दाटीवाटीनं राहणारा. महिन्याला मनिऑर्डर आणि मधेच कधी पत्र. निळं अंतर्देशीय पुढे सरकवत बाई म्हणे, "गुरुजी, मानान लिवा हां." मजकूर मग काहीही असो. गाय व्याली, सासऱ्यांचा खोकला हटत नाही, पैसे पोचले, कौलं बदलायची आहेत. पण आरंभ मानानं हवा. पत्त्यापाशी गाडी अडे. नाव काय घालायचं? बाई नवऱ्याचं नाव घेणार नाही. ती कडेवरच्या पोराला कोपरानं ढोसे आणि ते पोर मोठ्या ऐटीत बापाचं नाव उच्चारी. आजोबा ते कागदावर उतरवत. पत्राच्या शेवटी 'आपली' म्हणून काय लिहू, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: पोराची आई, एवढंच लिहा.

नाव न घेणं हाही आपल्याकडे मानच. 'अहो' या संबोधनात तो सगळा साठवलेला आहे, आणि एरवी न घेतलेलं नाव लग्नाकार्यात उखाण्यात गुंफून घ्यायचं, म्हणजे त्याचा उत्सव होतो. पण त्या निळ्या कागदावर दोन नावं गैरहजर होती, आणि दोन्ही गैरहजेऱ्या सारख्या नव्हत्या. नवऱ्याचं नाव उच्चारायला फार मोठं म्हणून गाळलेलं. तिचं नाव सासरी आल्यावर एकदा बदललेलं, मग हळूहळू कुणालाच नको झालेलं. म्हणजे नाव काढण्याची माझी कसोटी तिच्यापाशी येऊन अडखळते. ज्याचं नाव सगळ्या गावाला ठाऊक आहे त्याचं नाव काढून पाहणं वेगळं, आणि ज्याचं कुणी लिहिलंच नाही त्याचं वेगळं. हे लक्षात ठेवून पुढे जाते, कारण शेवटी याच ठिकाणी यायचं आहे.

'राजमान्य' मागे पडला तो इंग्रजी अमदानीत. 'रा. रा.' होऊन तो लिफाफ्यांवर बराच काळ टिकला, पण त्यातला राजा केव्हाच गळून गेला होता. त्याच्या समोर नवा शब्द उभा राहिला, 'लोकमान्य'. टिळकांच्या नावाला तो असा चिकटला की आज नाव न घेता नुसतं 'लोकमान्य' म्हटलं तरी चालतं. शब्दाची अर्धी बाजू तीच ठेवून तागडी तेवढी राजाच्या हातातून लोकांच्या हातात दिली. त्याआधी ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी-कोळीवाड्यात भरलेल्या सभेत जोतीराव फुल्यांना लोकांनी 'महात्मा' म्हटलं होतं. पुढे १९१९ साली कानपूरला कुर्मी समाजाच्या अधिवेशनात शाहू छत्रपती 'राजर्षी' झाले. एका राजाला लोकांनी पदवी दिली, हे त्यातलं मर्म. त्याच काळात सरकार 'रावबहादूर' वाटत होतं आणि कौन्सिलात बसणारे 'नामदार' होत होते. नामदार गोखल्यांबद्दल लोकांना आदर होता तो कौन्सिलाबाहेरच्या कामामुळे, आणि ज्या रावबहादुरांकडे तसं काही नव्हतं ते आज नुसत्या फोटोंच्या चौकटींत उरले आहेत.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनं या सगळ्यावर एक सुरेख तोडगा काढला. कलम १८नं किताब बंद केले. लष्करी आणि विद्येची बिरुदं तेवढी राहू दिली. पद्म पुरस्कार सुरू झाले तेव्हा हे किताबच नव्हेत का, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९०च्या दशकात न्यायालयानं सांगितलं की पुरस्कार द्या, पण तो नावाच्या मागे-पुढे लावायचा नाही. किती बारीक विचार आहे हा! मान असू दे, पण तो नावाला जोडू नका. नावाला जोडला की मान थांबतो आणि नाव फुगायला लागतं.

आपण मात्र जोडतोच. गावच्या क्रिकेट स्पर्धेच्या फलकावर पंचवीस चेहरे असतात आणि पंचविसांच्याही आधी 'मा.'. मूळ शब्द 'माननीय'. 'अनीय' हा प्रत्यय पाहण्यासारखा आहे. दर्शनीय म्हणजे पाहावं असं, वाचनीय म्हणजे वाचावं असं, शोचनीय म्हणजे ज्याचं दुःख करावं असं. माननीय म्हणजे ज्याला मान द्यावा असा. म्हणजे या शब्दानं बोलणाऱ्यावर एक काम सोपवलेलं आहे. लांबलचक शब्दाचं एक अक्षर आणि एक टिंब करून आपण ते काम उरकून टाकलं. बोलताना एक 'माननीय' पुरेनासा झाला म्हणून 'सन्माननीय' आला, तोही कमी पडला तेव्हा 'आदरणीय' पुढे धावला. शाळकरी मुलगा वक्तृत्व स्पर्धेत हात पाठीमागे बांधून 'सन्माननीय व्यासपीठ' अशी सुरुवात करतो, तेव्हा त्याच्या मानाचा पहिला वाटा सरळ फळकुटांना जातो. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आयोजकांचा जीव भाषणांपेक्षा पत्रिकेतल्या नावांच्या क्रमावर टांगलेला असतो. कोण वर, कोण खाली, कुणाचा 'मा.' राहून गेला. खाडिलकरांनी 'संगीत मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आणलं. त्याचे प्रयोग बिनतिकीट अजून चालू आहेत.

फलकावरची नावं काढून पाहा. पंचवीस वेळा 'मा.' आणि पुढे मोकळी जागा. एकाही 'मा.'ला पाय नाहीत. याला मराठीत नेमका शब्द आहे, आणि तो या लेखाच्या सुरुवातीच्या घरातलाच: सवंग. जो मान अर्घ विचारत नाही तो समर्घ होतो.

मग कसोटीला उतरणारा मान आज कुठे सापडतो? मला तो पंढरपुरात सापडतो. आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात. त्यांच्या शेजारी एक जोडपं असतं, 'मानाचे वारकरी'. हे मानकरी कुठल्या घराण्यातले नसतात. तासन्‌तास चाललेल्या दर्शनरांगेतून त्यांना घेतात. पहाटेपर्यंत त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचं नाव, गाव छापून येतं, एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो, आणि पुढच्या वर्षी त्या जागी दुसरं कुणी असतं. आधी जागा आणि मग नाव. पाल्याच्या लेण्यातली रीत इथे चालू आहे. खरं तर वारी त्याच्याही पुढे जाते. वाटेवर प्रत्येक जण 'माउली'. सत्तरीचे आजोबा विशीतल्या पोराच्या पाया पडतात आणि पोरगं लगोलग त्यांच्या. इथे योग्यता मोजलीच जात नाही. समोर आला म्हणजे योग्य. बारा महिने हे जमणार नाही, हेही वारकऱ्याला ठाऊक असतं. घरी गेल्यावर बांधावरून भांडण आहेच. पण वर्षातले काही दिवस एका अख्ख्या वाटेवर सगळ्यांना मिळून एकच मायना, ही आपल्या मुलखानं जमवलेली लहान गोष्ट नाही.

आता त्या अंग चोरून बसलेल्या लेकीकडे, 'अर्हते'कडे येते. मतदार यादीच्या मुखपृष्ठावर 'अर्हता दिनांक' छापलेला असतो. त्या दिवशी ज्याची अठरा वर्षं पूर्ण झाली तो मताला योग्य. १९८९ पर्यंत एकवीस वर्षं लागत. २०२२ पासून वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख. इंग्रजी राजवटीत मताचा अधिकार जमीन, सारा, कर, शिक्षण यांवर ठरे. म्हणजे अर्हता खरोखरीच अर्घावर होती, योग्य तो ज्याच्याकडे मोल होतं. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनं किमतीचा तो हिशेब बंद केला. वय झालं, तू योग्य. या यादीत कुणाच्याही नावाआधी 'मा.' नसतो. फलकावरचे पंचवीसही इथे आपापल्या अनुक्रमांकावर, शेजारच्या घरात धुणंभांडी करणाऱ्या बाईंच्या वर किंवा खाली.

पण त्या पहिल्या यादीची दुसरीही गोष्ट आहे. देशभरात सुमारे २८ लाख बायकांनी यादीत स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, असंच लिहिलं गेलं. निवडणूक आयोगानं त्या नोंदी वगळल्या. बहुतेक उत्तरेतल्या राज्यांमधल्या होत्या, तरी मला पडवीत बसलेली ती बाईच आठवते. घरात जो मान म्हणून शिकवला होता, तो यादीत आल्यावर हक्क घेऊन गेला.

म्हणून कसोटीला आता एक अट जोडते. कुणाला मान द्यायचा असेल तेव्हा त्याचं नाव काढून पाहावं; काही उरलं तर हात जोडावेत. पण कुणाला हक्क द्यायचा असेल तेव्हा आधी नाव विचारावं, तिनं स्वतः सांगितलेलं, आणि ते जसंच्या तसं लिहावं. तिथे वेगळा मायना लागत नाही. 'मानान लिवा' याचा पुरा अर्थ तोच.